जुन्या मोटरसायकलची बॅटरी बदलताय? आधी मीटर लावा

बॅटरी पार मेलेली असतानाही दहा-पंधरा वर्षांपूर्वीची स्प्लेंडर किक मारली की सुरू होते. हेडलाइट लागतो, रेस वाढवली की चांगला उजळतो. हॉर्न मात्र घोगरा वाजतो, आणि इंडिकेटर लुकलुकायचं सोडून मंद पेटत राहतो. तेवढीच जुनी, पण सेल्फवर चालणारी दुसरी एखादी गाडी बटण दाबल्यावर नुसती 'कट-कट' करते. मेकॅनिक दोन्ही गाड्यांकडे बघून एकच निदान करतो: बॅटरी गेली. नवी बसते, काही महिने सगळं झकास चालतं, मग पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी पुन्हा तेच कट-कट. मग शिव्या बॅटरीच्या कंपनीला, नाहीतर दुकानदाराला.

बॅटरी कधी ना कधी मरणारच, त्यात काही नवल नाही. पण जुन्या गाडीत तिचा जीव घेणारं बऱ्याचदा दुसरंच काहीतरी असतं, आणि ते नव्या बॅटरीचाही घेतं. ते काय असू शकतं आणि घरच्या घरी कसं ओळखायचं, हे एकदा समजून घेतलं तर पुढचा खर्च वाचतो.

गाडीत वीज येते कुठून?

इंजिनाच्या एका बाजूला, झाकणाआड, एका फिरत्या चाकात लोहचुंबक बसवलेले असतात. गॅरेजमध्ये त्याला 'मॅग्नेट' म्हणतात. त्याच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, ती कॉइल. इंजिन फिरलं की मॅग्नेट फिरतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. ही वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी. बॅटरीला लागते डीसी, एकाच दिशेने वाहणारी. म्हणून दोघांच्या मध्ये एक डबी असते, रेग्युलेटर-रेक्टिफायर. मेकॅनिक तिला 'आरआर युनिट' म्हणतात, आपणही तेच म्हणू. एसीची डीसी करणं आणि व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढू न देणं, अशी दोन कामं ती करते.

आपल्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. मॅग्नेट आणि कॉइल हा पंप. बॅटरी ही टाकी. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट, सेल्फ हे नळ. आरआर युनिट म्हणजे टाकी भरली की पाणी अडवणारा बॉलकॉक. पंप बंद असताना सगळा भार टाकीवर, पंप चालू झाला की टाकी पुन्हा भरत जाते. आता टाकीत पाणी नाही म्हणून कोणी थेट नवी टाकी विकत आणली, पंप चालतोय का, पाइप कुठे गळतोय का हे बघितलंच नाही, तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याची काय गत होईल? मोटरसायकलच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच करतो.

सुरुवातीला सांगितलेल्या स्प्लेंडरचं कोडंही इथेच सुटतं. त्या काळच्या बहुतेक १०० सीसी गाड्यांत ठिणगीसाठी मॅग्नेटमध्येच वेगळी कॉइल असे, आणि हेडलाइटही बॅटरीला न विचारता थेट कॉइलच्या एसीवर चाले. म्हणून तर अशा गाडीचा दिवा सिग्नलला उभं राहिलं की मंदावतो आणि रेस केली की उजळतो. बॅटरी लागायची ती हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइटपुरती. त्यामुळे किकवाल्या स्प्लेंडरला १२ व्होल्ट, २.५ अँपिअर-अवरची इवलीशी बॅटरी पुरत होती.

पुढे सेल्फ आला, बऱ्याच गाड्यांत ठिणगीही बॅटरीवर गेली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष, लागू झालं आणि बहुतेक मोटरसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, म्हणजे पेट्रोलचा पंपसुद्धा विजेवर. अशी गाडी बॅटरी पूर्ण बसल्यावर उतारावरून ढकलूनही सहसा सुरू होत नाही. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीचं हे एक सुख आहे. पण त्या सुखामुळेच बॅटरीकडे दुर्लक्ष होतं. गाडी चालतेय ना, मग कशाला बघा!

सहा खण आणि एक आकडा

मोटरसायकलमधली शिसं-ॲसिडची बॅटरी मूळ रूपात १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी बनवली. तत्त्व आजही तेच. शिशाची प्लेट, शिशाच्या ऑक्साइडची प्लेट, आणि मध्ये पाणी मिसळून सौम्य केलेलं सल्फ्युरिक ॲसिड. अशा एका खणातून साधारण २.१ व्होल्ट मिळतात. सहा खण एकापुढे एक जोडले की १२.६.

म्हणजे '१२ व्होल्टची' बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा मीटरवर १२.६ ते १२.८ दिसायला हवेत. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि बरोबर १२.० म्हणजे जेमतेम पाव. "मीटर बारा दाखवतंय, बॅटरी ओके आहे" हे वाक्य गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. ते चुकीचं आहे. बारा दाखवणारी बॅटरी उपाशी आहे.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: साडेदहा. रात्रभर व्यवस्थित चार्ज करूनही बॅटरी १०.५ च्या आसपासच अडकली असेल, तर सहापैकी एक खण मेला आहे. १२.६ मधून २.१ वजा करा, हिशेब जुळतो. अशा बॅटरीवर आणखी पैसे घालवू नका.

बॅटरीवर लिहिलेला दुसरा आकडा अँपिअर-अवरचा, म्हणजे टाकी केवढी आहे त्याचा. ५ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर एक अँपिअर वीज पाच तास देऊ शकते. प्रत्यक्षात थोडी कमीच. हा हिशेब किती पटकन संपतो बघा. ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर खातो. किल्ली चालू राहिली आणि मागच्या ब्रेकचा स्विच अडकून लाइट पेटताच राहिला, तर २.५ अँपिअर-अवरची बॅटरी दीड तासाच्या आत गारद. हा स्विच म्हणजे एका स्प्रिंगवरचा साधा प्लॅस्टिकचा तुकडा असतो. ब्रेक ॲडजस्ट केल्यावर त्याचा ताण बदलतो आणि लाइट अर्धवट पेटत राहतो. चालवणाऱ्याला तो दिसत नाही, मागच्याला दिसतो.

मरते कशाने?

वापरल्याने जेवढ्या बॅटऱ्या मरतात, त्याहून जास्त उपाशी ठेवल्याने मरत असतील. वीज खर्च होते तेव्हा प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं, चार्ज केलं की ते विरघळतं. पण अर्धवट उतरलेली बॅटरी आठवड्यांमागून आठवडे तशीच पडून राहिली की या सल्फेटचे टणक स्फटिक होतात आणि मग ते चार्जिंगला दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी. गावाकडच्या घरी गणपतीपासून होळीपर्यंत उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी अशीच जाते.

रोज दीड किलोमीटर दूध आणायला जाणारी गाडी हा त्याच रोगाचा शहरी प्रकार. एका सेल्फने जेवढी वीज खर्च झाली, तेवढी परत भरायच्या आत गाडी पुन्हा बंद. त्यात सिग्नलवर मॅग्नेट सावकाश फिरतं, चार्जिंग जेमतेम होतं, आणि वर इंडिकेटर, ब्रेकलाइट, मोबाइल चार्जर चालूच.

दुसरा शत्रू उष्णता. तापमान वाढलं की बॅटरीच्या आतल्या सगळ्या क्रिया वेगाने होतात, झीज धरून. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी महाबळेश्वरच्या गाडीइतकी टिकावी ही अपेक्षाच गैर. साध्या, म्हणजे पाणी घालायच्या बॅटरीतलं पाणी उन्हाळ्यात भराभर आटतं, प्लेटा उघड्या पडतात, आणि उघडी पडलेली प्लेट सुकून खराब होते.

तिसरं कारण खास जुन्या गाड्यांचं. आरआर युनिट बिघडलं की दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर बॅटरीपर्यंत वीज पोचतच नाही. नाहीतर व्होल्टेजला लगामच राहत नाही, पंधरा-सोळा व्होल्ट थेट बॅटरीत जातात आणि आतलं पाणी उडून जातं. बॅटरी हाताला गरम लागते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब वारंवार उडतात. अशा गाडीत कितीही महागडी बॅटरी बसवा, काही महिन्यांत ती उकळून संपणार.

बॅटरीच गेलीय, हे ओळखायचं कसं?

इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवायचा, लाल तार बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला.

पहिलं रीडिंग सकाळी, गाडीला हात लावायच्या आधी. आदल्या संध्याकाळी चालवून आल्याबरोबर मोजलेला आकडा फसवा असतो, कारण नुकत्याच झालेल्या चार्जिंगचा फुगवटा त्यात असतो. काही तास जाऊ द्या. १२.४ च्या वर असेल तर बॅटरी तरी बऱ्यापैकी भरलेली आहे.

आता मीटर तसाच धरून सेल्फ दाबा. आकडा खाली येणारच. तो साडेनऊ-दहाच्या वर राहिला आणि तरीही सेल्फ मरगळलेला फिरत असेल, तर संशय बॅटरीवरून काढून वायरीवर घ्या. बॅटरीची मायनसची जाड तार जिथे इंजिनाला किंवा चॅसीला बोल्टने आवळलेली असते, तो जोड जुन्या गाडीत हमखास गंजलेला असतो. पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळणं हे फुकटचं काम, आणि सेल्फच्या कितीतरी तक्रारी तिथेच मिटतात. याउलट आकडा झपकन आठ-सातवर कोसळला, तर मात्र बॅटरीत दम उरलेला नाही. न दाबता १२.६ आणि दाबल्यावर ७ हे मेलेल्या बॅटरीचं ठळक लक्षण.

तिसरं रीडिंग सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक गॅरेजांत नेमकं हेच कोणी घेत नाही. गाडी सुरू करा, रेस वाढवून इंजिन मध्यम वेगाने फिरू द्या आणि बॅटरीवर मीटर लावा. साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. रेस वाढवूनही आकडा १२.५ च्या पुढे सरकत नसेल तर पंप बंद आहे: कॉइल जळलेली, आरआर युनिट गेलेलं, किंवा दोघांमधला कनेक्टर काळा पडलेला. हा कनेक्टर सोडवून आधी डोळ्यांनी बघा. त्याचं पांढरं प्लॅस्टिक वितळून तपकिरी झालेलं असेल तर चोर तिथेच सापडला. पंधराच्या वर आकडा गेला तर आरआर युनिट बदला, आणि ते बदलल्याशिवाय नवी बॅटरी गाडीला लावूही नका. जुन्या बुलेटवाल्यांना यातलं अर्धं ज्ञान हेडलाइटच्या खोबणीतल्या अँपिअर मीटरवर आयतं मिळायचं. काटा एका बाजूला झुकला की बॅटरी भरतेय, दुसऱ्या बाजूला झुकला की उतरतेय. हे मीटर नव्या गाड्यांतून गेलं याचं मला आजही वाईट वाटतं.

राहिली गळती. किल्ली बंद असतानाही काहीतरी वीज खात असेल, तर ती शोधण्यासाठी मायनसची तार सोडवायची आणि तार व बॅटरी यांच्या मध्ये मीटर अँपिअरच्या खुणेवर लावायचा. लाल तार मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात घालायला विसरू नका, आणि या अवस्थेत सेल्फ चुकूनही दाबू नका, मीटर जळेल. जुन्या गाडीत किल्ली बंद असताना जवळजवळ शून्य दिसायला हवं. नंतर बसवून घेतलेला अलार्म किंवा जीपीएस ५० मिलिअँपिअर खात असेल, तर ५ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी शंभर तासांत, म्हणजे चार दिवसांत रिकामी होईल. चार दिवस गावाला जाऊन आलं की गाडी बंद, यामागे भूत नसतं.

दुकानात काय मागायचं?

जुन्या बॅटरीचा फोटो काढून न्या, सगळ्या बाजूंनी. दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत किकची आणि सेल्फची बॅटरी वेगळी असते. बॅटरीवरच्या सांकेतिक नावातून बरंच कळतं. उदाहरणार्थ '१२एन५-३बी' मध्ये १२ म्हणजे व्होल्ट आणि ५ म्हणजे अँपिअर-अवर, पुढचे आकडे-अक्षरं टर्मिनल आणि हवेची नळी कुठल्या बाजूला आहे ते सांगतात. हे शेवटचं बिनमहत्त्वाचं वाटतं, पण प्लस नेमका उलट्या बाजूला आला तर गाडीची तार पोचत नाही. ताणून पोचवली तर ती चॅसीला घासून पुढेमागे शॉर्ट होते.

प्रकार मुख्यतः दोन. एक साधी, झाकणं काढून डिस्टिल्ड वॉटर घालायची. दुसरी सीलबंद, 'मेंटेनन्स फ्री', जिला बाजारात 'ड्राय' म्हणतात. नावावर जाऊ नका, आत ॲसिड असतंच. ते काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, म्हणून सांडत नाही. चार्जिंग साडेचौदाच्या आत राहत असेल तर जुन्या गाडीलाही सीलबंद बॅटरी खुशाल चालते, आणि माझं मत विचाराल तर तीच घ्या. दर महिन्याला पाण्याची पातळी बघण्याची शिस्त आपल्यापैकी किती जणांना आहे?

सीलबंद बॅटरी कारखान्यातून ॲसिडसकट येते, त्यामुळे ती दुकानात पडल्या पडल्याही उतरत असते. तिच्यावरचा उत्पादनाचा महिना बघा, सहा महिन्यांहून जुनी असेल तर दुसरी मागा, आणि काउंटरवरच मीटर लावून घ्या. १२.५ च्या खाली असेल तर नको. साधी बॅटरी कोरडीच येते आणि ॲसिड दुकानात भरतात, म्हणून तिला हा नियम एवढा कडक लागू होत नाही.

वॉरंटी '२४+२४ महिने' अशी लिहिलेली असते तेव्हा चार वर्षं फुकट बदलून मिळेल असं समजू नका. पहिल्या काळात बिघडली तर बदली मोफत, दुसऱ्या काळात फक्त किमतीत सूट, तीही दिवसागणिक घटत जाणारी. कार्डावर शिक्का, तारीख आणि गाडीचा नंबर आहे का ते तिथेच तपासा.

पहिल्या दिवसाचं चार्जिंग

साध्या बॅटरीचं अर्धं आयुष्य पहिल्याच दिवशी घालवलं जातं. ॲसिड भरल्यावर बॅटरी साधारण ८० टक्केच भरलेली असते. अर्धा तास ते मुरू द्यायचं, मग सावकाश चार्ज करायची. किती सावकाश? अँपिअर-अवरच्या एक दशांश दराने. ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, म्हणजे काही तासांचं काम. पण गिऱ्हाईक घाईत, दुकानदार त्याहून घाईत. "अर्ध्या तासात बसवून देतो साहेब." ॲसिड ओतलं, गाडीला लावली, सेल्फ मारला, लागला. तो त्या दिवशी लागणारच. पण अशी बॅटरी पुढे कधीच पूर्ण भरत नाही, कारण जुन्या गाडीच्या चार्जिंगमध्ये तेवढी ताकद नसते. म्हणून दुकानात स्पष्ट सांगा: आज चार्जिंगला लावा, मी उद्या नेतो.

चारचाकीच्या मोठ्या चार्जरवर ही छोटी बॅटरी लावू देऊ नका. पाच-दहा अँपिअरचा लोट तिला सोसत नाही.

बसवताना

काम दहा मिनिटांचं आहे. एक स्क्रू ड्रायव्हर, १० नंबरचा पाना, आणि हातातली अंगठी-कडं काढून ठेवायची. १२ व्होल्टने माणसाला झटका बसत नाही, पण प्लस आणि चॅसी यांच्या मध्ये कडं आलं तर ते क्षणात लालबुंद तापतं.

काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. हे पाठ करण्यापेक्षा कारण समजून घ्या, मग विसरणार नाही. गाडीची सगळी लोखंडी चॅसी मायनसला जोडलेली असते. मायनस जोडलेला असताना तुम्ही प्लसचा स्क्रू फिरवताय आणि पाना चॅसीला टेकला, तर थेट शॉर्ट, ठिणग्यांचा पाऊस. मायनस आधीच सुटलेला असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत मात्र चॅसी प्लसला जोडलेली असते. तशी गाडी कोणाकडे असेल तर तार सोडवायच्या आधी खात्री करून घ्या आणि क्रम उलटा धरा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमलेली असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. फेस येतो, तो ॲसिड मरत असल्याचा. कोरडं करून मग तारा आवळा आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. स्क्रूखालचा चौकोनी नट टर्मिनलच्या खोबणीत खाली घसरून छळतो. त्याच्याखाली रबराचा किंवा स्पंजचा छोटा तुकडा सारला की नट वर उचललेला राहतो आणि स्क्रू पहिल्या फटक्यात पकडतो.

साध्या बॅटरीला बाजूला एक पारदर्शक नळी असते, तिच्यातून आतला वायू बाहेर पडतो. नव्या बॅटरीत या नळीच्या तोंडावर बूच असतं. ते काढायचं राहिलं तर वायू कोंडून बॅटरी फुगते, फुटूही शकते. नळी दुमडली जाणार नाही आणि तिचं टोक चेन किंवा सायलेन्सरवर येणार नाही अशी खाली सोडा. ॲसिडच्या थेंबांनी क्रोम उडतं, चेन गंजते. वायू हायड्रोजन आहे, तेव्हा चार्जिंगच्या जागी विडी-सिगारेट नाही. ॲसिड डोळ्यांत गेलं तर भरपूर साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. पँटवर उडालं तर त्या दिवशी काही दिसत नाही, पहिल्या धुण्यात भोकं पडतात.

नंतर पातळी कमी झाली की फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी कितीही गोड लागो, त्यात क्षार उरतातच. आणि ॲसिड पुन्हा कधीच घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

सगळं बसल्यावर गाडी सुरू करून बॅटरीवर पुन्हा मीटर लावा. साडेतेरा ते साडेचौदा दिसले तर साइड कव्हर लावायला हरकत नाही.

"किकवर चालते ना, मग बॅटरी हवीच कशाला?"

हा प्रश्न खेड्यापाड्यांत नेहमी येतो, आणि बॅटरीचा डबा रिकामा ठेवून फिरणाऱ्या गाड्याही दिसतात. टाकी काढून पंपाचा पाइप थेट नळाला जोडल्यावर जे होईल तेच इथे होतं. बॅटरी नसेल तर कॉइलच्या विजेचे चढउतार झेलायला कोणी नसतं. रेस वाढली की मागचे बल्ब उडतात, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) जातो, कधी आरआर युनिटही. आणि सिग्नलला इंजिन सावकाश फिरत असताना ब्रेकलाइट जवळजवळ लागतच नाही. मागून ट्रक येत असताना हा फार महागडा काटकसरीपणा आहे.

"मग जरा मोठीच टाकू का?"

डब्यात मावत असेल, टर्मिनलची बाजू जुळत असेल, तर ५ च्या जागी ६-७ अँपिअर-अवर टाकल्याने गाडीला अपाय होत नाही. मोठी बॅटरी जास्त वीज 'ओढून' कॉइल जाळते ही भीती निराधार आहे. पण पंप तोच राहतो. मोठी टाकी त्याच धारेने भरायला जास्त वेळ लागतो, आणि रोजचा प्रवास छोटा असेल तर ती कायम अर्धवटच राहते. चार्जिंग कमी पडतंय म्हणून मोठी बॅटरी घेणं, हा इलाज नाही.

"लिथियम घेतली तर कटकट संपेल?"

वजन निम्म्याहून कमी, पडून राहिली तरी लवकर उतरत नाही, हे खरं. मोटरसायकलच्या या बॅटऱ्या बहुधा लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या असतात, एका खणाला ३.२ व्होल्ट, असे चार खण. पण शिशाची बॅटरी पंधरा व्होल्ट काही दिवस कुरकुरत सोसते, लिथियम तेवढं सोसत नाही. वीस वर्षं जुन्या आरआर युनिटच्या भरवशावर ती लावणं म्हणजे महागडी वस्तू धोक्यात घालणं. चार्जिंग साडेचौदाच्या आत स्थिर राहतं हे आधी मीटरवर बघितलं असेल तर गोष्ट वेगळी.

सहा व्होल्टवाल्यांसाठी

जावा, सुरुवातीच्या येझ्दी, राजदूत, जुन्या बुलेट यांच्यात सहा व्होल्टची यंत्रणा असे. तीन खण, भरलेली असताना ६.३ व्होल्ट. वरचे व्होल्टचे सगळे आकडे निम्मे करून वाचा. अशा गाडीला १२ व्होल्टची बॅटरी लावली तर बल्ब तत्काळ उडतात, हॉर्न आणि फ्लॅशरही सोसत नाहीत, आणि जुना डायनॅमो तिला चार्जही करू शकत नाही. जावासारख्या गाडीत ठिणगीही बॅटरीतूनच येते, त्यामुळे तिथे बॅटरी उतरली की किक मारून पाय दुखेल तेवढाच.

१२ व्होल्टवर गाडी पालटणारे कारागीर आहेत, पण त्यात कॉइल, रेग्युलेटर, सगळे बल्ब, हॉर्न असं सगळंच बदलावं लागतं. नुसती बॅटरी बदलून हे जमतं असं कोणी सांगितलं तर दुसरं गॅरेज शोधा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला?

तिच्या वजनाचा मोठा भाग शिसं असतं. म्हणूनच तिला किंमत आहे, आणि म्हणूनच ती धोकादायक आहे. ॲसिड गटारात ओतून, बॅटरी फोडून, उघड्यावर शिसं वितळवणाऱ्यांच्या आसपास राहणाऱ्या मुलांच्या रक्तात ते शिसं जातं आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. दुकानदारांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घ्याव्यात हा नियम आपल्याकडे २००१ सालापासून आहे. २०२२ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी त्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली.

व्यवहाराच्या भाषेत: नवी घेताना जुनी त्याच दुकानात द्या आणि तिची रक्कम बिलात वेगळी दाखवून वजा करून घ्या. "जुनी इथेच राहू द्या, मी बघतो" असं मेकॅनिक म्हणाला, तर त्याने ते पैसे धरलेत की नाहीत, हे विचारायला लाजू नका.